डेट्रॉइटचे मिशिगन सेंट्रल स्थानक: ते कशासाठी उभे राहिले, का ओसाड पडले आणि पुन्हा वापरात कसे आले

जानेवारी १९८८ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या मिशिगन सेंट्रल स्थानकातून शेवटची प्रवासी गाडी सुटली. त्यानंतर तीस वर्षे ही अठरा मजली इमारत रिकामी होती. तिच्या खिडक्या फुटल्या, छतावरचे आणि भिंतींतले तांबे चोरीला गेले, तळघर पाण्याने भरले, आणि तिच्या भग्न दालनाची छायाचित्रे अमेरिकी उद्योगाच्या पडझडीची खूण म्हणून जगभर छापली गेली. २०१८ मध्ये फोर्ड मोटर कंपनीने ती विकत घेतली, सहा वर्षे दुरुस्ती केली आणि ६ जून २०२४ रोजी ती लोकांसाठी पुन्हा खुली झाली. ही हकीकत बहुधा एका श्रीमंत खरेदीदाराच्या औदार्याची म्हणून सांगितली जाते, पण तेवढ्याने काहीच उलगडत नाही. बंद पडलेले स्थानक वाचेल की पाडले जाईल, हे लोकांच्या त्याच्यावरील प्रेमापेक्षा चार रुक्ष गोष्टींवर अधिक ठरते: ते कुठे बांधले आहे, कायदा त्याला किती संरक्षण देतो, त्यात पाणी किती शिरले आहे, आणि दुरुस्तीचा खर्च व दुरुस्तीनंतरची बाजारातली किंमत यांत तफावत किती आहे. मिशिगन सेंट्रलच्या बाबतीत या चारही गोष्टी स्पष्टपणे पाहता येतात.

नदीखालचा बोगदा आणि स्थानकाची जागा

डेट्रॉइट शहर त्याच नावाच्या नदीच्या काठी वसले आहे आणि नदीच्या पलीकडे कॅनडातील विंडसर शहर आहे. शिकागोहून न्यूयॉर्ककडे जाणारा मिशिगन सेंट्रल रेल्वेचा मार्ग ही नदी ओलांडून कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातून पुढे जात असे. नदीवर पूल नव्हता, त्यामुळे अख्ख्या गाड्यांचे डबे बोटींवर चढवून पलीकडे न्यावे लागत. हिवाळ्यात नदी गोठू लागली की ही वाहतूक रखडे आणि वेळापत्रक कोलमडे.

यावर उपाय म्हणून रेल्वेने नदीखालून बोगदा बांधला आणि तो १९१० मध्ये सुरू झाला. त्याची पद्धत त्या काळात नवी होती. नदीच्या तळाखालचा खडक किंवा चिखल पोखरत जाण्याऐवजी तळावर एक लांब चर खणण्यात आला. किनाऱ्यावर तयार केलेल्या पोलादी नळ्यांची तोंडे बंद करून त्या पाण्यावर तरंगवत आणल्या, ठरलेल्या ठिकाणी बुडवल्या, एकमेकींना जोडल्या आणि त्यांच्याभोवती काँक्रीट ओतले. रेल्वेसाठी अशा रीतीने बांधलेला हा जगातील पहिला बोगदा मानला जातो. त्यात वाफेच्या इंजिनाचा धूर कोंडला असता, म्हणून बोगद्यातून गाड्या ओढण्यासाठी सुरुवातीपासून विजेची इंजिने वापरली गेली.

स्थानकाचे पुढचे सारे भवितव्य या बोगद्याशी बांधलेले आहे. रेल्वेगाडीला तीव्र उतार चालत नाही, त्यामुळे नदीच्या तळाखाली जाणारा रूळ बऱ्याच अंतरापासून हळूहळू खाली उतरवावा लागतो आणि बोगद्याचे तोंड काठापासून दूर येते. जुने स्थानक शहराच्या मध्यवस्तीत, नदीकाठी होते. बोगद्यातून आलेली गाडी तिथे न्यायची तर ती उलटी फिरवावी लागली असती. म्हणून नवे स्थानक बोगद्याच्या वाटेवर, मध्यवस्तीपासून सुमारे तीन किलोमीटरवर, कॉर्कटाऊन या आयरिश स्थलांतरितांच्या जुन्या वस्तीत बांधायचे ठरले. रेल्वेच्या दृष्टीने हा निर्णय अचूक होता. शहराच्या दृष्टीने तो तेव्हाच योग्य ठरणार होता, जेव्हा शहर वाढत वाढत स्थानकापर्यंत येऊन पोचेल. तशी आशा बाळगायला कारणही होते: १९१० मध्ये डेट्रॉइटची लोकसंख्या सुमारे ४ लाख ६५ हजार होती आणि १९२० मध्ये ती दहा लाखांच्या घरात गेली.

इमारतीचे आराखडे वॉरन अँड वेटमोर आणि रीड अँड स्टेम या दोन वास्तुविशारद संस्थांनी केले. न्यूयॉर्कचे ग्रँड सेंट्रल टर्मिनलही याच दोन संस्थांचे काम आहे आणि तेही १९१३ मध्येच सुरू झाले. मिशिगन सेंट्रलचे दोन भाग आहेत. पुढचा भाग बसका, भव्य आणि दगडी आहे. त्यात रोमन स्नानगृहांच्या धर्तीवर बांधलेली मुख्य प्रतीक्षा-दालनाची प्रचंड कमान, तिकीटघर, उपाहारगृह, न्हाव्याचे दुकान आणि स्त्रियांसाठी वाचनकक्ष होता. त्यामागे कार्यालयांसाठी मनोरा होता, आणि त्या काळी जगातील कोणत्याही रेल्वेस्थानकाची इमारत त्याच्याएवढी उंच नव्हती. या मनोऱ्याचे सर्वांत वरचे मजले आतून कधी पूर्ण झालेच नाहीत, आणि मला ही बाब फार महत्त्वाची वाटते. इमारत पहिल्या दिवसापासूनच गरजेपेक्षा मोठी होती.

उद्घाटनही ठरल्याप्रमाणे झाले नाही. २६ डिसेंबर १९१३ रोजी जुन्या स्थानकाला आग लागली, तेव्हा रेल्वेने नवी इमारत घाईघाईने वापरात आणली आणि त्याच दिवशी तिथून गाड्या सुटू लागल्या.

ओसाड पडण्यामागची कारणे

स्थानक बांधताना मोठ्या वाहनतळाचा विचार झाला नव्हता, कारण त्याची गरजच नव्हती. प्रवासी ट्रामने येत. परंतु ज्या वर्षी हे स्थानक उघडले, त्याच वर्षी काही मैलांवरच्या हायलँड पार्क कारखान्यात फोर्ड कंपनीने सरकत्या पट्ट्यावर मोटारी जोडण्यास सुरुवात केली. मोटार स्वस्त होत गेली आणि सामान्य कामगाराच्या आवाक्यात आली. दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास स्थानकापर्यंतची ट्राम बंद झाली. एका बाजूला मध्यवस्तीपासूनचे अंतर, दुसऱ्या बाजूला ट्राम नाही, आणि मोटारीने यावे तर ती उभी करायला जागा नाही, अशी या इमारतीची कोंडी झाली. त्यातच १९२९ नंतरच्या महामंदीने स्थानकाच्या आसपास होऊ घातलेली वाढ थांबवली. शहराने स्थानकाकडे सरकायचे, हा मूळ अंदाज चुकला तो कायमचाच.

युद्धकाळात सैनिकांच्या वाहतुकीमुळे स्थानक पुन्हा गजबजले होते. युद्ध संपल्यावर मात्र महामार्ग आणि विमाने या दोघांनी मिळून प्रवासी रेल्वे मोडकळीस आणली. १९५६ मध्ये रेल्वेने ही इमारत ५० लाख डॉलरना विकायला काढली. ही रक्कम बांधकामाच्या मूळ खर्चाच्या सुमारे एक तृतीयांश होती, तरीही कोणी पुढे आले नाही. १९६७ मध्ये देखभाल परवडेना म्हणून मुख्य दालन, दुकाने आणि उपाहारगृह बंद करण्यात आले. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क सेंट्रल (मिशिगन सेंट्रल रेल्वे हिच्याच ताब्यात होती) आणि पेनसिल्व्हेनिया या दोन मोठ्या रेल्वे कंपन्या विलीन होऊन पेन सेंट्रल ही कंपनी तयार झाली आणि १९७० मध्ये तिचे दिवाळे निघाले. १९७१ पासून अ‍ॅमट्रॅक या सरकारच्या पाठबळावर चालणाऱ्या संस्थेने प्रवासी गाड्या चालवायला घेतल्या, दालन काही काळ पुन्हा उघडले, थोडी दुरुस्तीही झाली. परंतु दिवसाकाठी जेमतेम काही गाड्यांसाठी एवढी मोठी इमारत गरम ठेवणे आणि सांभाळणे कुणालाच शक्य नव्हते.

याच काळात शहरही रिकामे होत होते. १९५० मध्ये डेट्रॉइटची लोकसंख्या साडेअठरा लाख होती, २०२० च्या जनगणनेत ती सुमारे ६ लाख ३९ हजार उरली. कारखाने उपनगरांत आणि इतर राज्यांत गेले, त्यांच्यामागे प्रामुख्याने गोरी कुटुंबे उपनगरांत गेली, कर भरणारे कमी झाले, आणि २०१३ मध्ये महापालिकेने दिवाळखोरी जाहीर केली. आज डेट्रॉइटच्या परिसरात वाहनउद्योगात काम करणारी अनेक मराठी कुटुंबे ट्रॉय, नोव्हाय, फार्मिंग्टन हिल्स अशा उपनगरांत राहतात. तिथे दूध आणायलाही मोटार काढावी लागते, हे त्यांना वेगळे सांगायला नको. ज्या वस्तीरचनेने मिशिगन सेंट्रलला निरुपयोगी केले, ती हीच आहे.

वारसा यादीत नाव, तरीही पाडण्याचा ठराव

मिशिगन सेंट्रलचे नाव १९७५ मध्येच अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत आले होते. तरीही एप्रिल २००९ मध्ये डेट्रॉइटच्या नगर परिषदेने ही इमारत पाडावी असा ठराव केला. यादीतली वास्तू पाडण्याचा ठराव होतोच कसा, असा प्रश्न आपल्याला पडतो, कारण मुंबईत १९९५ च्या वारसा नियमावलीनंतर यादीतल्या इमारतीला हात लावायचा तर परवानगी घ्यावी लागते, याची आपल्याला सवय आहे. अमेरिकेची राष्ट्रीय यादी तशी नाही. तिच्यात नाव असल्याने खासगी मालकावर कोणतेही बंधन येत नाही. मालकाने स्वतःच्या पैशाने इमारत पाडायची ठरवली, तर ही यादी त्याला अडवू शकत नाही. बंधन येते ते केंद्र सरकारचा पैसा किंवा परवाना कामात येतो तेव्हा. १९६६ च्या राष्ट्रीय वारसा जतन कायद्यानुसार अशा वेळी वास्तूवर होणारा परिणाम आधी तपासावा लागतो. शहराला केंद्राचा निधी वापरून इमारत पाडायची होती, आणि एका रहिवाशाने याच कायद्याचा आधार घेऊन न्यायालयात धाव घेतली. पाडण्याचे काम पुढे सरकले नाही.

खरे कडक संरक्षण असते ते स्थानिक कायद्यात, आणि त्याचे सर्वांत चांगले उदाहरण मिशिगन सेंट्रलच्याच भावंडाचे आहे. न्यूयॉर्कमधील जुने पेनसिल्व्हेनिया स्थानक १९६३ पासून पाडले गेले, त्यावर मोठा संताप उसळला, आणि १९६५ मध्ये त्या शहराने स्वतःचा वारसा कायदा केला. १९६७ मध्ये ग्रँड सेंट्रलला त्या कायद्याखाली संरक्षण मिळाले. पेन सेंट्रल कंपनीला ग्रँड सेंट्रलच्या माथ्यावर पन्नासहून अधिक मजल्यांचा मनोरा बांधायचा होता. शहराने परवानगी नाकारली, कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९७८ मध्ये हरली. एकच रेल्वे कंपनी, तेच वास्तुविशारद, एकाच वर्षी सुरू झालेली दोन स्थानके. त्यांतले एक कायद्याने आणि रोजच्या लाखो प्रवाशांनी वाचवले. दुसऱ्याला ना तसे संरक्षण होते ना प्रवासी.

मग तीस वर्षे ते उभे राहिले कसे? याचे उत्तर सुखावणारे नाही. १९९० च्या दशकात मालकी मोरून कुटुंबाच्या कंपनीकडे आली. डेट्रॉइट आणि विंडसर यांना जोडणारा अँबॅसॅडर पूल याच कुटुंबाच्या मालकीचा आहे. स्थानकाच्या जागेवर कॅसिनोपासून पोलीस मुख्यालयापर्यंत अनेक कल्पना पुढे आल्या, पण एकही टिकली नाही. पोलादी सांगाडा, वीट आणि दगड यांची अशी जाड इमारत पाडायला लाखो डॉलर लागतात, आणि पाडल्यानंतर हाती येणाऱ्या मोकळ्या जागेला कॉर्कटाऊनमध्ये तेव्हा भाव नव्हता. दुरुस्ती परवडत नव्हती आणि पाडणेही परवडत नव्हते. भरभराटीच्या शहरात हे स्थानक बहुधा पन्नास वर्षांपूर्वीच जमीनदोस्त झाले असते. जमिनीला किंमत नसल्याने जुनी वास्तू वाचते, हे कटू वाटले तरी वारसा-जतनाच्या इतिहासात वारंवार दिसते आणि त्याकडे डोळेझाक करू नये असे मला मनापासून वाटते. २०१५ च्या सुमारास मालकाने शहराशी झालेल्या समझोत्यानुसार एक हजारांहून अधिक नव्या खिडक्या बसवल्या, आणि पाऊस-बर्फ आत येण्याची एक मोठी वाट बंद झाली.

पाणी: दुरुस्तीची सुरुवात आणि निम्मे काम

फोर्डने २०१८ मध्ये ९ कोटी डॉलरना इमारत घेतली, तेव्हा पहिले काम नक्षी, झुंबरे किंवा संगमरवर यांचे नव्हते. पहिले काम होते पाणी काढण्याचे. तळघरातून सुमारे ३५ लाख गॅलन, म्हणजे सव्वा कोटी लिटरहून अधिक पाणी उपसावे लागले. मात्र साचलेले पाणी दिसते तरी; भिंतींत मुरलेले पाणी दिसत नाही आणि खरे नुकसान तेच करते.

हे नुकसान दोन रीतींनी होते. डेट्रॉइटचा हिवाळा कडाक्याचा असतो. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते. विटेच्या आणि दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरलेले पाणी गोठले की आतून दाब देते, वितळले की आणखी खोल शिरते, पुन्हा गोठते. आणि एका हिवाळ्यात हे चक्र अनेकदा फिरते. काही वर्षांत विटेचा पृष्ठभाग पापुद्र्यांसारखा सुटू लागतो. दुसरी रीत अधिक धोकादायक असते. या काळातल्या उंच इमारतींत भार पोलादी सांगाड्यावर असतो आणि दगड-वीट हे त्याला चिकटून बांधलेले आवरण असते. पाणी पोलादापर्यंत पोचले की गंज चढतो, आणि गंजाला मूळ पोलादापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. त्याला फुगायला वाव नसल्याने तो समोरच्या दगडालाच ढकलतो आणि फोडतो. म्हणून बाहेरून फुटलेला दगड दिसला की केवळ तो दगड बदलून भागत नाही. त्यामागचे आवरण उघडायचे, गंजलेले पोलाद साफ करायचे किंवा कापून नवे जोडायचे, त्याला संरक्षक लेप द्यायचा आणि मगच दगड परत बसवायचा.

त्याआधी इमारत वाळवावी लागते, आणि तीही सावकाश. शाडूची मूर्ती भर उन्हात ठेवली तर तिला तडे जातात, तसेच काहीसे जुन्या भिंतींचे आणि छतांचे होते: आतला ओलावा आणि बाहेरचा कोरडेपणा यांत फार फरक पडला की गिलावा आणि सांधे सुटतात. त्यामुळे कामाचा पहिला टप्पा इमारतीवर तात्पुरती आच्छादने घालणे, पाणी आत येण्याच्या वाटा बुजवणे आणि भिंती कोरड्या होऊ देणे यांतच गेला. सांगाड्याची आणि दगडी बांधकामाची दुरुस्ती त्यानंतर झाली, आणि आतल्या शोभेच्या कामाची पाळी सर्वांत शेवटी आली.

मुख्य दालनाच्या छताबद्दल जरा सविस्तर सांगायला हवे. ते रफाएल ग्वास्ताविनो या स्पेनहून अमेरिकेत आलेल्या बांधकाम-कारागिराच्या पद्धतीने, त्याने स्थापन केलेल्या कंपनीने बांधलेले आहे. साध्या दगडी कमानीत जड दगड एकमेकांवर रेलून उभे असतात. ग्वास्ताविनो पद्धतीत पातळ भाजलेल्या कौलांसारख्या फरशांचे थर लवकर घट्ट होणाऱ्या चुन्या-सिमेंटच्या मसाल्यात एकावर एक असे बसवतात, की वरच्या थराच्या फरशा खालच्या थरातल्या सांध्यांवर येतात. सगळे थर मिळून एकच पातळ, वाकलेले कवच तयार होते. ते हलके असते, आगीला दाद देत नाही, आणि बांधताना खाली लाकडी आधारांचे जंगल उभारावे लागत नाही. या दालनाच्या छतात सुमारे २९ हजार फरशा आहेत. तीस वर्षांची गळती, बर्फ आणि मोडतोड सोसूनही त्यांतल्या जेमतेम १,३०० फरशाच बदलाव्या लागल्या. उरलेल्या सर्व फरशा धुऊन, त्यांच्या मधले सांधे नव्याने भरून जागच्या जागी ठेवता आल्या; भरलेल्या सांध्यांची लांबी आठ मैलांहून अधिक भरते. शंभर वर्षांपूर्वी नेमके आणि मन लावून केलेले काम काय सोसू शकते, हे ज्याला पाहायचे असेल त्याने या छताकडे पाहावे.

दगडाची गोष्टही अशीच आहे. मूळ चुनखडीचा दगड इंडियाना राज्यातील ज्या खाणीतून आणला होता, ती खाण बंद पडली होती. दुसऱ्या खाणीचा दगड रंगाने आणि पोताने जुळला नसता, म्हणून तीच खाण पुन्हा उघडून सुमारे ६०० टन दगड काढण्यात आला. त्यातून स्तंभांवरची पानांची नक्षी असलेले शिरोभाग पुन्हा कोरले गेले, आणि एकेका शिरोभागाला कारागिराचे शेकडो तास लागले. जिथे धातूचे किंवा गिलाव्याचे अलंकरण अर्धवट उरले होते, तिथे उरलेल्या तुकड्याची संगणकीय मोजणी करून त्यावरून साचे तयार झाले.

जुने कामगार इमारतीत आपल्या खुणा ठेवून गेले होते. २०२१ मध्ये छताजवळच्या गिलाव्यामागे डेट्रॉइटच्याच जुन्या स्ट्रोज मद्यकंपनीची बिअरची बाटली सापडली. तिच्यात एक चिठ्ठी होती: हे छत जुलै १९१३ मध्ये आम्ही बसवले, असे दोन कामगारांनी नावानिशी लिहून ठेवले होते. रिकाम्या इमारतीतून वर्षानुवर्षे वस्तू चोरीला गेल्या होत्या, पण फोर्डने दुरुस्ती जाहीर केल्यावर लोक त्यांतल्या काही परत आणून देऊ लागले. एका निनावी माणसाने फोन करून स्थानकाचे जुने घड्याळ कुठे ठेवले आहे ते सांगितले, आणि ते खरोखर तिथे सापडले. भग्नावस्थेच्या काळात भिंतींवर रंगवलेल्या चित्रांचा काही भाग मुद्दाम तसाच ठेवला आहे. हा निर्णय मला योग्य वाटतो. ती तीस वर्षेही या इमारतीच्या इतिहासाचाच भाग आहेत, आणि ती पुसून १९१३ आणि २०२४ एकमेकांना चिकटवणे खोटेपणाचे झाले असते.

पैशाचे गणित

अशा प्रकल्पांत सर्वांत अवघड असते ते पैशाचे गणित. समजा, एखाद्या जुन्या इमारतीच्या दुरुस्तीला १०० रुपये लागतात. दुरुस्तीनंतर तिच्यातून मिळणारे भाडे धरून बाजार तिची किंमत ४० रुपये ठरवतो. उरलेले ६० रुपये कोणीतरी असे द्यावे लागतात की जे परत येणार नाहीत, निदान भाड्याच्या रूपात तरी येणार नाहीत. बँक ४० रुपयांच्या वस्तूवर १०० रुपयांचे कर्ज देत नाही. ही तफावत जोवर कुणी भरत नाही, तोवर कितीही लोकांनी निवेदने दिली तरी इमारत तशीच पडून राहते. मिशिगन सेंट्रलबाबत तीस वर्षे हेच घडत होते.

तफावत भरण्याचे अमेरिकेतले मुख्य साधन म्हणजे केंद्र सरकारची वारसा करसवलत. राष्ट्रीय यादीतल्या वास्तूची उत्पन्नासाठी वापरण्याजोगी दुरुस्ती केली, तर पात्र खर्चाच्या २० टक्के रक्कम मालकाला भराव्या लागणाऱ्या करातून वजा होते. म्हणजे १९७५ साली यादीत आलेल्या ज्या नावाने पाडापाडी रोखण्याची हमी दिली नव्हती, तेच नाव दुरुस्तीच्या वेळी कामाला येते. पण सवलतीला अटी आहेत. काम ठरवून दिलेल्या निकषांप्रमाणेच व्हावे लागते आणि राष्ट्रीय उद्यान सेवा ते तपासते: वाचवता येण्याजोगा मूळ भाग काढून टाकायचा नाही, बदलावेच लागले तर मूळ पुराव्यावरून बदलायचे, आणि नवी भर जुन्याचे सोंग घेणारी नसावी. खाण पुन्हा उघडण्यामागे कंपनीची हौस असेलही, परंतु हे निकषही होते. याशिवाय राज्याच्या आणि शहराच्या करसवलती वेगळ्या मिळाल्या.

एवढे मिळूनही गणित जुळले ते मालक फोर्ड कंपनी होती म्हणून. स्थानक आणि आजूबाजूच्या सुमारे ३० एकरांच्या परिसरावर कंपनीने ९५ कोटी डॉलर खर्च करायचे ठरवले. याच परिसरात शेजारची, एकेकाळी टपाल खात्याची आणि पुढे शाळांच्या पुस्तकांचे कोठार असलेली इमारत आहे. ती वास्तुविशारद अल्बर्ट कान यांच्या आराखड्याची असून २०२३ मध्ये नवउद्योगांसाठी सुरू झाली. कंपनीचे म्हणणे असे की, विजेवर आणि चालकाविना चालणाऱ्या गाड्यांसाठी लागणारे तरुण अभियंते डिअरबॉर्नच्या उपनगरी कार्यालयात यायला तयार नसतात. त्यांना शहरात, बघण्यासारख्या जागी काम हवे असते. यात तथ्य आहे. तरीही संस्थापक हेन्री फोर्ड यांचे पणतू बिल फोर्ड यांच्या घराण्याचा आणि कंपनीचा डेट्रॉइटशी शंभर वर्षांचा संबंध नसता, तर केवळ कार्यालयासाठी कोणत्याही कंपनीने एवढा पैसा ओतला असता असे मला वाटत नाही. म्हणूनच हा प्रकल्प इतर शहरांनी जसाच्या तसा उचलण्याजोगा नाही. दुरुस्तीचे तंत्र उचलता येते, करसवलतीची रचनाही उचलता येते. पण साठ रुपये सोसणारा मालक मागवून मिळत नाही. त्यातच मध्ये २०२० ची महासाथ आली, घरून काम करण्याची पद्धत रूढ झाली आणि मनोऱ्यात कर्मचाऱ्यांची कार्यालये भरण्याची मूळ योजनाही बदलत गेली. काही मजल्यांवर फोर्डचे लोक आणि नवे उद्योग आले, गूगलच्या सहकार्याने विद्यार्थ्यांना संगणक-प्रोग्रॅमिंग शिकवणारी प्रयोगशाळा आली, आणि वरच्या मजल्यांसाठी हॉटेलची योजना पुढे आली.

शेजारी आणि रेल्वे

पडीक इमारत उजळली की भोवतालच्या घरांची किंमत वाढते, आणि पडत्या काळातही तिथेच राहिलेल्या भाडेकरूंना ती परवडेनाशी होते. कॉर्कटाऊनमध्ये फोर्डची खरेदी जाहीर होताच जागांचे भाव चढू लागले. डेट्रॉइटच्या मतदारांनी २०१६ मध्ये एक नियम मंजूर केला होता. त्यानुसार साडेसात कोटी डॉलरहून मोठा आणि शहराच्या सवलती घेणारा प्रकल्प असेल, तर विकासकाला रहिवाशांच्या सल्लागार समितीशी बोलून वस्तीसाठी काय करणार हे लेखी ठरवावे लागते. या बोलणीतून फोर्डने घरे, रोजगार-प्रशिक्षण आणि वस्तीतील सुधारणा यांसाठी एक कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. ९५ कोटींच्या प्रकल्पात ही रक्कम लहान आहे, आणि अनेक रहिवाशांनी तसे बोलूनही दाखवले. तरी कागदावर बांधील आश्वासन घेण्याची ही पद्धत चांगली आहे, आणि आपल्याकडच्या मोठ्या शहरांनीही तिचा अभ्यास करायला हवा.

रेल्वेची स्थिती मात्र अजून वेगळीच आहे. स्थानकाच्या मागचे रूळ चालू आहेत आणि १९१० च्या त्याच बोगद्यातून मालगाड्या आजही कॅनडात जातात. प्रवासी गाड्या तेथे थांबत नाहीत. शिकागोहून येणारी अ‍ॅमट्रॅकची गाडी १९९४ पासून न्यू सेंटर भागातील एका छोट्या स्थानकावर थांबते. मिशिगन सेंट्रलच्या आवारात बस आणि रेल्वे यांचे नवे लहान स्थानक बांधावे आणि बोगद्यातून विंडसरमार्गे टोरंटोपर्यंत प्रवासी गाडी पुन्हा सुरू करावी, यासाठी राज्य सरकार, शहर आणि फोर्ड यांच्यात योजना आखली जात आहे. ती पार पडली तर प्रवासी जुन्या भव्य दालनातून न जाता शेजारच्या नव्या फलाटावरून गाडी पकडतील. आणि सीमेवरची कागदपत्र-तपासणी कुठे करायची, मालगाड्यांच्या रुळांवर प्रवासी गाड्यांना वेळ किती मिळणार आणि ट्रामविना तीन किलोमीटरवरच्या मध्यवस्तीतून प्रवासी तिथवर कसे येणार, हे प्रश्न आधी सोडवावे लागतील.